बाईंना बोलता येत नाही

४ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढायला लागलीस, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? भाऊजींना सांग, त्यांनी दिलेली चष्म्याची दोरी मी रोज गळ्यात घालते. मुलं म्हणतात, बाई आता अगदी आजी दिसतात.

तू फोन करतेस आणि मी उचलत नाही, म्हणून चिडली असशील. मेसेजवर "बरी आहेस ना" विचारतेस, मी "हो" लिहिते, आणि विषय तिथेच संपतो. म्हणून म्हटलं, सरळ पत्र लिहावं. कागद पुढे घेतला की माणूस एका अक्षरात सुटत नाही.

गोष्ट एवढीच की माझा घसा बसलाय. तसा तो उन्हाळ्यापासूनच बसलेला होता, मी गरम पाण्याच्या गुळण्या करत दिवस ढकलत होते. मग एक दिवस हजेरी घेताना मधेच आवाज गेला. तोंड उघडं, पुढचं नाव जिभेवर, आणि बाहेर नुसती हवा. मुलांना वाटलं मी गंमत करतेय. तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेले.

घशाच्या डॉक्टरीणबाई अगदी तरुण आहेत. नाकातून बारीक नळी घालून त्यांनी आत पाहिलं आणि विचारलं, "किती वर्षं शिकवताय?" मी बोटांनी सत्तावीस दाखवली. "म्हणजे सत्तावीस वर्षं ओरडताय," त्या म्हणाल्या. काही आठवडे पूर्ण मौन सांगितलंय. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने म्हणे घशाला जास्तच ताण पडतो. शिक्षकांना असं होतंच. काळजीचं काही नाही.

रजा घे म्हणशील. रजा सगळी आईच्या आजारपणात संपली, तुला ठाऊक आहे. (टोमणा मारत नाहीये. तुला तेव्हा येणं शक्यच नव्हतं.) मोठे सर म्हणाले, "बदली शिक्षक मागितलाय. तोवर नुसत्या वर्गात बसा. मुलांना धड्यातलं उतरवून काढायला द्या, शांत बसली म्हणजे झालं." आमचे मुख्याध्यापक माणूस वाईट नाहीत. शाळा म्हणजे त्यांना गॅसवरच्या दुधासारखी वाटते, उतू गेलं नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय.

तर मी पाटी घेऊन वर्गात जाते. खरीखुरी, दगडी पाटी, शाळेच्या माळ्यावर सापडली. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, "मला बोलता येणार नाही. तुम्ही मला सांभाळून घ्या." सहावीचा वर्ग आहे, ताई. सहावीच्या मुलांना हे सांगणं म्हणजे आपणहून किल्ली हातात देण्यासारखं. पहिला दिवस गोंधळात गेला. दुसऱ्या दिवशी उतरवून काढायला दिलं, तर निम्म्यांनी उतरवलं आणि निम्म्यांनी त्यांचं पाहून उतरवलं.

तिसऱ्या दिवशी आमची फौजदारीण उभी राहिली. हे नाव मी दिलेलं नाही, वर्गाने दिलंय. दोन घट्ट वेण्या, कमरेवर हात. "बाई, आज काय करायचं?" माझा लिहून लिहून हात भरून आला होता. मी पाटीवर लिहिलं, "तुम्हीच ठरवा." खरं सांगते, त्यात काही थोर विचार नव्हता. मला कंटाळा आला होता.

ती लगेच पुढे आली आणि तिने वर्ग घ्यायला सुरुवात केली. "हाताची घडी. तोंडावर बोट. कोण बोललं? उभा राहा. मी इथे मूर्ख म्हणून उभी आहे का?" वर्ग हसून लोटपोट. मी मागच्या बाकावर बसून पाहत होते आणि मला हळूहळू उमगलं की ती मी आहे. मान तिरकी करून खडू झटकण्याची लकबही माझीच.

दहा मिनिटांत बंड झालं. शेजारच्या वर्गातल्या सरांनी भिंतीवर छडी आपटली. मी डस्टर टेबलावर आपटलं, कुणी वळून पाहिलं नाही. ताई, असं याआधी कधी झालं नव्हतं माझ्याबाबतीत. ओरडायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मी त्या क्षणी वर्गातल्या कपाटाइतकीच होते.

मग काय झालं, तर एक मुलगी आहे, तिला सगळे पुटपुटी म्हणतात. दोन महिन्यांत मी तिचं एकही पूर्ण वाक्य ऐकलं नव्हतं. ती जागेवर उभी राहिली आणि काहीतरी पुटपुटली. फौजदारीण ओरडली, "मोठ्याने." ती परत तेवढ्याच आवाजात पुटपुटली. शेवटी पुढचे दोघे तिच्या बाकाजवळ गेले, मग आणखी चौघे गेले. तिला म्हणायचं होतं की तिला परिमिती कळलेलीच नाही, मागच्या वर्षापासून कळलेली नाही, आणि कुणी तरी सांगेल का. आणि मग ते सगळे एकमेकांना ढकलत तिला सांगायला लागले. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की त्यांनाही धड येत नाही.

तेव्हापासून वर्गात एक पद्धत पडली आहे. ज्याला कळलं नाही त्याने जागेवर उभं राहायचं, आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती जायचं. ही मी पाडलेली नाही. मी नुसती पाहते.

जेवण नीट आहे, झोप नीट आहे. पाय जपून टाक. आवाज परत आला की पहिला फोन तुलाच.

तुझी,
धाकटी

*

९ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. भाऊजींच्या हातचा पत्ता वाचून पोस्टमनने मला विचारलं, हे नक्की तुमचंच का. त्यांना म्हणावं, डॉक्टर व्हायला हवे होते.

तू पहिल्याच ओळीत विचारलंस, डॉक्टर नक्की काय म्हणाल्या. तेच म्हणाल्या. मौन थोडं वाढवलंय. मागे एकदा भूल देऊन लहानशी तपासणी केली, सकाळी गेले आणि दुपारी घरी. आतला एक कण काढून तपासायला पाठवलाय, अशा गोष्टींना वेळ लागतो. ते असो. तुला वर्गाची गंमत सांगते.

खिडकी नावाचा एक मुलगा आहे. दिवसभर खिडकीबाहेर बघतो म्हणून खिडकी. मी त्याला वर्षाच्या सुरुवातीलाच वगळून टाकला होता, मनातल्या मनात, आपण टाकतो तसा. तर मुलं परिमितीवरून क्षेत्रफळावर आली तेव्हा हा खिडकीकडची मान न वळवता म्हणाला, "दोरी तेवढीच असेल तर आतली जागाही तेवढीच असणार. जागा जाणार कुठे?" वर्गाला ते एकदम पटलं. हात वर करून मत घेतलं. एकमताने ठराव मंजूर.

चूक, ताई. अगदी मुळातली चूक. मी उठले, खडू घेतला, फळ्याकडे निघाले. फौजदारीण आडवी आली. "बाई, चुकलंय का?" मी मान हलवली. "मग एवढं पुरे," ती म्हणाली. "कुठे चुकलं ते नका सांगू. आम्ही बघतो."

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. मला ते दोन मिनिटांत दाखवता आलं असतं. दोन चौकटी काढायच्या, आकडे टाकायचे, पुढचा धडा. त्याऐवजी मी जाऊन बसले आणि त्या दिवशी, दुसऱ्या दिवशीही, ती मुलं चुकीच्या गोष्टीवर हिरिरीने भांडताना बघत राहिले. दुसऱ्याच्या ताटातलं सांडताना बघावं आणि हात पुढे करू नये, तसं होतं ते. घरी आले तर जबडा दुखत होता. दिवसभर दात आवळून बसले होते.

नंतर पुटपुटी सुतळी घेऊन आली. टोकं बांधून केलेलं मोठं कडं. बाक भिंतीला लावले आणि सगळे जमिनीवर. आमच्या वर्गात चौकोनी फरशा आहेत ना, त्यांच्या रेघांवर तिने ती सुतळी चौकोनी लावली. सहा फरशा लांब, सहा रुंद. मोजल्या, छत्तीस. मग तीच सुतळी ओढून लांबोडी केली, अकरा लांब आणि एकच रुंद. अकरा. बस्स, अकरा.

वर्ग गप्प झाला. घंटा झाल्यावर होतो तसा नाही, वेगळाच. खिडकी खाली बसला, बोटाने फरशा परत मोजल्या आणि सुतळी उचलून पाहिली, कुणी कापली तर नाही ना म्हणून. "मग जागा गेली कुठे?" त्याने विचारलं. पुटपुटी म्हणाली, आणि या वेळी मला मागेही ऐकू आलं, "गेली नाही. आपण बाहेर ठेवली."

त्यांनी मग गोल करून पाहिला. गोलात अर्ध्यामुर्ध्या फरशा येतात, त्या धरायच्या की नाहीत यावर मोठं भांडण झालं. शेवटी निम्म्याहून जास्त आत असेल तर पूर्ण धरायची, नाहीतर सोडून द्यायची, असं ठरलं. ताई, हे त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. माणसांनी हे शोधायला किती काळ घालवला असेल, आणि ही शेंबडी मुलं गुडघ्यांवर बसून ते शोधत होती, आणि "तुझी फरशी खोटी आहे" म्हणून एकमेकांना ढकलत होती.

मला फार आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या आत काहीतरी बारीक टोचत राहिलं. सत्तावीस वर्षं मी हा धडा एका तासात उरकलाय, चांगला उरकलाय, मुलांना मार्क पडलेत. त्यातल्या कुणी मला विचारलं नाही की जागा कुठे गेली. मी विचारायला जागाच ठेवली नसेल.

पण सगळं गोडगोड चाललंय असं समजू नकोस. एक धडा असा आठवडाभर चालला की बाकीचे मागे पडतात, आणि तसे पडलेत. चाचणीत क्षेत्रफळाची गणितं सगळ्यांनी झकास सोडवली, पण दशांश अपूर्णांक आम्ही उघडलाच नव्हता, त्यात दाणादाण उडाली. शेजारच्या सरांनी तक्रार केली की आमच्या आवाजाने त्यांचा वर्ग बिघडतो. फौजदारीणीचे वडील मोठ्या सरांना भेटून गेले. म्हणाले, "मुलगी जेवताना विचारते, झोपताना विचारते, हे असंच का? मी दिवसभर दुकानात उभा असतो. मला काय माहीत असंच का. शाळेत उत्तरं देत नाहीत का?" मला हसू आलं, पण त्यांचंही खोटं नव्हतं. दमलेल्या माणसाने कुठे जावं?

मोठे सर एकदा दारात येऊन उभे राहिले. मुलं फरशीवर, बाई मागच्या बाकावर, फळा कोरा. ते बराच वेळ पाहत होते. दार हळूच लावून गेले, आणि मला तेव्हाच कळलं.

बदली सर येत्या सोमवारी रुजू होतायत. बरंच झालं म्हणायचं. मला कार्यालयात बसवणार आहेत, दाखले आणि निकालपत्रकं लिहायला. माझं अक्षर चांगलं आहे, तुला माहीतच आहे.

तू मात्र यायचं डोक्यात आणू नकोस. गुडघ्याला एवढा प्रवास झेपायचा नाही, आणि येऊन करणार काय? मी तर बोलतही नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

*

२१ ऑक्टोबर

ताई,

आज तब्येत विचारत बसत नाही, रागावू नकोस. तू मागच्या दोन्ही पत्रांत एकच प्रश्न विचारलास आणि मी सुतळी लांबवत राहिले.

मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच मला कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, तेव्हाच. गाठ साधी नाही. दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरांनाही दाखवलं, ते म्हणाले, उशीर झालाय, पण फार नाही. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचायला चांगली संधी आहे, असं दोघंही म्हणतात आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. आवाज येणार नाही. पुढे काही उपकरण मिळतं, यंत्रासारखा आवाज येतो त्याने, ते बघू. ऑपरेशन तीस तारखेला आहे.

झालं लिहून. मला वाटलं होतं त्याहून कमी ओळी लागल्या.

तुला आधी का नाही सांगितलं, तर तू लगेच निघाली असतीस. आणि मला ते दिवस वर्गात हवे होते. आता वर्गच राहिला नाही, म्हणून सांगते आहे. हे वाचायला कडू लागेल, पण खरं हेच आहे.

बदली सर आले. तरुण आहेत, मनापासून शिकवतात, आणि आवाज असा खणखणीत की कार्यालयात बसून मला सगळा धडा ऐकू येतो. पहिल्याच दिवशी त्यांनी बाक सरळ केले. पहिल्या आठवड्यात दशांश अपूर्णांक संपवला. मी दाखले लिहीत असते आणि भिंतीपलीकडून ते विचारतात, "कळलं?" आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "हो." त्या होकारात मी पुटपुटीचा आवाज शोधते. सापडत नाही.

मुलांनी एक केलं. मला न विचारता केलं. फौजदारीण, खिडकी आणि पुटपुटी, तिघं मधल्या सुट्टीत मोठ्या सरांच्या खोलीत गेली. आठवड्यातून एक तास आम्हाला द्या, म्हणाली. उरलेले सगळे तास सर शिकवतील तसं शिकू, एका तासात आम्ही आमचं शोधू. मी शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. मोठ्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्हाला बाईंनी सांगायला सांगितलं का?"

फौजदारीण म्हणाली, "बाईंना बोलता येत नाही, सर."

तिला त्यात काही खोच मारायची नव्हती. तिने नुसतं जे आहे ते सांगितलं. पण सरांचा चेहरा बदलला. मुलांना वर्गात पाठवलं आणि मला बोलावून घेतलं.

"बाई, मला तुमच्याबद्दल आदर आहे," ते म्हणाले. "पण मुलांच्या तोंडून असं वदवून घेणं बरं नाही." मी पाटी घेतली आणि लिहायला लागले की मी त्यांना काहीही सांगितलेलं नाही, आणि म्हणूनच हे महत्त्वाचं आहे. मी "मी त्यांना" एवढं लिहिलं असेल तोवर ते म्हणाले, "हो, तुमचा हेतू चांगलाच असणार." मी ते पुसून दुसरं लिहायला घेतलं. ते म्हणाले, "पालकांना मी काय सांगू?" मी त्याचं उत्तर लिहायला लागले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, मग शिपाई सही घ्यायला आला, मग ते उठले. माझ्या पाटीवर दोन शब्द होते.

मुलं थांबायची, ताई. मी काही लिहायला लागले की सगळा वर्ग थांबायचा. शेवटचं अक्षर पूर्ण होईपर्यंत कुणी अंदाज करायचं नाही, हाही त्यांचाच नियम होता. मोठी माणसं एक शब्द वाचतात आणि पुढचं वाक्य स्वतः पूर्ण करतात.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. जाताना त्या म्हणाल्या, "आता तुम्ही बोललात तरी चालेल." मला क्षणभर बरं वाटलं. मग कळलं त्या काय म्हणाल्या ते. जे काढूनच टाकायचंय ते जपून काय करायचं? त्यांनाही कळलं असावं, त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

म्हणजे सध्या मला थोडं बोलता येतं. घोगरं, फाटकं, जुन्या दाराच्या बिजागरीसारखं. एका दमात चार-पाच शब्द. तुला फोन केला नाही कारण हा आवाज तुझ्या कानात राहायला नको. मागचा राहू दे.

काल वर्गाचा निरोप घ्यायला गेले. बदली सर सभ्यपणे बाजूला झाले, माझ्यासाठी खुर्ची ओढली. मुलं उभी राहिली, एका सुरात नमस्कार म्हणाली, बसली. हाताची घडी. ताई, इतका छान वर्ग दिसत होता. कुणीही येऊन बघावा असा.

मी म्हटलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

आवाज ऐकून पुढच्या बाकावरची दोघं दचकली. खिडकीने आधी सरांकडे बघितलं, सर मान हलवतात का ते. सरांनी प्रेमाने मान हलवली. तरी तो काही बोलला नाही. अखेर फौजदारीण उठली. "बाई, क्षेत्रफळाचा प्रश्न परीक्षेला किती मार्कांना येतो?"

मी सांगितलं. पाच मार्कांना येतो. तिने लिहून घेतलं.

तिची काय चूक? बारा वर्षांचं पोर आहे. घरी वडील थकून येतात. समोर खणखणीत आवाज, मागे परीक्षा, आणि ज्या बाईंनी "तुम्हीच ठरवा" म्हटलं त्या दाखले लिहायला गेल्या. मुलांनी तास मागून पाहिला, मिळाला नाही, ती परत हाताची घडी घालून बसली. मोठ्या माणसांनीही तेच केलं असतं. मी तर केलंच.

बाहेर आले तर पुटपुटी मागून आली होती, पाणी प्यायला जाते म्हणून परवानगी काढून. तिने विचारलं, "तुम्ही मोठ्या सरांना सांगितलंत का?"

"सांगत होते," मी म्हटलं.

"मग?"

"पूर्ण झालं नाही."

तिने विचार केला. "मग आता सांगा," ती म्हणाली. "आता आवाज आहे ना."

म्हणून मी गेले. खरंच गेले. मोठे सर एकटेच होते. मी उभी राहूनच बोलले, मधे मधे श्वास घेत. म्हटलं, त्या मुलांना मी काही शिकवलं नाही. मला बोलता येत नव्हतं म्हणून त्यांना बोलायला मिळालं. मी गप्प नसते तर मीही त्यांना गप्पच केलं असतं. त्यांचं मागणं एका तासाचं आहे, तो त्यांचा आहे, माझा नाही. माझ्यावर उपकार म्हणून देऊ नका. ती चुकतील, वेळ घालवतील, गोंगाट करतील. तरी द्या.

या वेळी त्यांनी मधे तोडलं नाही. फोन वाजला तो त्यांनी बंद केला. शिपायाला बाहेर थांबायला सांगितलं. माझं शेवटचं वाक्य संपेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना ऑपरेशनचं कळलंय, माझ्या अर्जावरून.

"हो बाई," ते म्हणाले. "हो, हो. नक्की. बघतो मी. तुम्ही आधी बऱ्या व्हा."

मी त्यांना विचारलं, कोणता वार? ते म्हणाले, "हो, तेही ठरवू." मी म्हटलं, मुलांना बोलावून सांगाल का? "हो, हो, सांगतो की." मी काहीही म्हटलं असतं तरी ते हो म्हणाले असते, ताई. शाळा पाडून टाका म्हटलं असतं तरी. आजारी माणसाच्या उशाशी बसून म्हणतात तसं. मी पहिल्यांदा पूर्ण बोलले होते, आणि त्यांनी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं होतं, आणि त्यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. नाही म्हणाले असते तर मी उलट काही बोलले असते, तेवढा दम होता माझ्यात. हो म्हटल्यावर काय बोलणार?

पुटपुटी दाराशी उभी होती. मी तिला सांगितलं, सर बघतो म्हणालेत. तिने माझा चेहरा पाहिला. ती पाणी प्यायली आणि वर्गात गेली.

आता तुझ्याविषयी. तू ये. या वेळी खरंच ये, गुडघ्यासकट ये. तीसच्या आदल्या दिवशी पोचशील असं बघ. किल्ली खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे ठेवते. पांघरूण कपाटात वरच्या कप्प्यात आहे.

एक मागणं आहे. लहानपणी पाहुण्यांनी मला काही विचारलं की उत्तर तू द्यायचीस. "तिला आवडत नाही ते." "तिला झोप आलीये." मला तेव्हा फार सोयीचं वाटायचं, तू किती जपतेस असं वाटायचं. हॉस्पिटलात आता डॉक्टर, नर्स, भेटायला येणारी माणसं, सगळे तुझ्याकडे बघून विचारतील, हिला दुखतंय का, हिला काय हवंय. तू उत्तर देऊ नकोस. माझ्याकडे बोट दाखव. मला लिहायला वेळ लागेल, अक्षर वाकडं येईल, समोरचा माणूस घड्याळाकडे बघेल. तरी शेवटच्या अक्षरापर्यंत थांब आणि त्यांनाही थांबव. आणि मी लिहिलेलं तुला पटलं नाही तर नाही म्हण, भांड माझ्याशी, लहानपणी भांडायचीस तशी, पाठीत धपाटा घालून. फक्त हो हो म्हणू नकोस. तेवढं मला सोसणार नाही.

वाट बघते आहे.

तुझी, अजून स्वतःचं स्वतः सांगू बघणारी,
धाकटी